अमिओडॅरोनने यीस्टची पेशी आतून मोडते का? आधी घड्याळ बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी तुम्ही बेकरीच्या यीस्टला, म्हणजे सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसीला, अमिओडॅरोन हे हृदयाचे ठोके ताळ्यावर आणणारं औषध २० मायक्रोमोलर दिलंत. कल्चर रात्रभर वाढवलेलं, पेशी पीबीएसने (फॉस्फेट घातलेल्या खारट द्रावणाने) धुतलेल्या, औषधानंतर तासाभराने रंग घातला आणि मग फोटो काढले. बऱ्याच पेशींत एकच भली मोठी रिक्तिका (व्हॅक्यूओल, म्हणजे पेशीतली द्रवाने भरलेली पिशवी) दिसली, मायटोकॉन्ड्रियाचे धागे तुटून ठिपके झालेले दिसले आणि काही पेशी आतून सरसकट लाल दिसल्या. गाइड म्हणताहेत, ‘औषधामुळे पेशीची अंतर्गत रचना उद्ध्वस्त होते’ असं लिहून मोकळे व्हा. तुम्हाला ते पटत नाहीये. शिवाय तुमचे आजोबा हीच गोळी रोज घेतात, आणि फोटो बघितल्यापासून तुम्हाला त्यांचीच काळजी लागली आहे.

आजोबांचं शेवटी बोलू. आधी यीस्ट.

मी वीसेक वर्षं यीस्टच्या पेशी मायक्रोस्कोपखाली बघते आहे, त्यातली बरीच वर्षं रिक्तिकेतच गेली. माझ्या मते तुमचा प्रश्न ‘काय मोडलं’ यापेक्षा ‘कशानंतर काय मोडलं’ हा आहे. तासाभरानंतरचा फोटो म्हणजे पंचनामा. त्यात मेलेली पेशी, मरायला टेकलेली पेशी आणि नुसती घाबरलेली पेशी एकाच चौकटीत बसलेली असतात. मरणाऱ्या पेशीत शेवटी सगळंच विस्कटतं, मग तुम्ही अमिओडॅरोन द्या नाहीतर गरम पाणी ओता. त्यामुळे गाइडचं वाक्य चूक नसलं तरी त्यातून या औषधाबद्दल काहीच कळत नाही.

या रेणूची जात आधी ओळखून घ्या. अमिओडॅरोन अतिशय तेलकट रेणू आहे, पाण्यापेक्षा पटलातल्या स्निग्ध थरात त्याला जास्त करमतं. त्याला एक अमाइनचं शेपूट आहे, ते धन भार घेऊन बसतं. म्हणजे एक टोक तेलात रमणारं आणि दुसरं भारित. असे रेणू एखाद्या ठरावीक प्रथिनाला शोधत फिरतात असं समजू नका. ते आधी पटलात घुसतात. त्यामुळे ‘औषधाने रिक्तिकेवर हल्ला केला’ किंवा ‘मायटोकॉन्ड्रियावर हल्ला केला’ अशी भाषा सुरुवातीलाच टाळा. पेशीवर आलेल्या औषधाला सगळ्यात आधी भेटतं ते बाहेरचं पेशीपटल.

हे औषध बुरशीही मारतं हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या राजिनी राव यांच्या गटाने त्याचा धागा कॅल्शियमपर्यंत नेला. त्यांनी जेलीफिशच्या एक्वोरिन या प्रकाश देणाऱ्या प्रथिनाने पेशीद्रवातलं कॅल्शियम मोजलं, आणि आलेख दोन टप्प्यांचा निघाला. औषध पडताच बाहेरून कॅल्शियमचा लोंढा आत येतो, डोस जास्त तर लोंढा मोठा. त्यानंतर दुसरा टप्पा, सावकाश आणि लांबलेला. यातलं कॅल्शियम रिक्तिकेतून वायव्हीसी१ नावाच्या मार्गिकेने बाहेर पडतं, आणि बाहेरून काही आलं नाही तरी हा टप्पा होतोच. त्याच कामात त्यांनी एकेक जनुक काढलेले यीस्टचे सुमारे ५००० वाण, म्हणजे स्ट्रेन, चाळले आणि ३६ अतिसंवेदनशील निघाले. त्यांत रिक्तिका आम्लधर्मी ठेवणाऱ्या प्रोटॉन पंपाचे म्युटंट होते, एर्गोस्टेरॉल (बुरशीच्या पटलातला कोलेस्टेरॉलसारखा घटक) बनवणारी ईआरजी३, ईआरजी६, ईआरजी२४ ही जनुकं होती, आणि पेशीतली मालवाहतूक सांभाळणारं व्हीपीएस४५ही होतं. पटल, रिक्तिका, वाहतूक आणि कॅल्शियम एकाच यादीत येतात म्हटल्यावर तुमचे फोटो कुठल्या दिशेने वाचायचे ते साधारण ठरतं.

२००९ मध्ये याच गटाचं पटलाच्या विद्युतभारावरचं काम आलं. तुमच्या डोसचा विचार करताना मला ते सगळ्यात उपयोगी वाटतं. ०.१ ते २ मायक्रोमोलर इतक्या थोड्या औषधाने पेशीपटलाचा भार लगेच वाढतो, म्हणजे आतली बाजू आणखी ऋण होते. ३ मायक्रोमोलरच्या वर ती वाढ क्षणभरच टिकते, मग भार कोसळतो, आणि त्याच वेळी कॅल्शियम व प्रोटॉन आत घुसतात आणि पेशी मरायला लागतात. तुम्ही २० वर आहात. म्हणजे उंबरठा ओलांडून थेट स्वयंपाकघरात. ‘रचनेत बदल’ बघायचा असेल तर हा डोस फार आहे. हा मारण्याचा डोस झाला.

अर्थात आकडा तसाच्या तसा उचलू नका, तो परिस्थितीवर ठरतो. तेलकट औषध पेशींच्या पटलांत वाटलं जातं, त्यामुळे २० मायक्रोमोलर विरळ कल्चरला जितकं लागतं तितकं दाट कल्चरला लागत नाही. एकाच बाटलीतलं औषध दहापट पेशींनी वाटून घेतलं तर प्रत्येकीच्या वाट्याला किती येणार? माध्यमाचा पीएच बदलला की परिणाम बदलतो. प्लास्टिक बदललं तरी बदलतो, कारण औषध भिंतीला चिकटतं. आणि पीबीएस! फॉस्फेटमध्ये अमिओडॅरोन नीट विरघळत नाही, साका बसतो. दवाखान्यातही हे इंजेक्शन साध्या सलाइनमध्ये न घालता ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळतात, ते उगाच नाही. पीबीएसने धुतलेल्या पेशींना तुम्ही नक्की किती औषध दिलंत, हे तुम्हालाच माहीत नाही. पेशी ताज्या सिंथेटिक माध्यमात धुवा, औषध डीएमएसओ या द्रावकात विरघळवून अंधारात ठेवा (ते उजेडाने बिघडतं), आणि कंट्रोलमध्येही तेवढंच डीएमएसओ घाला. १० मिलिमोलरचा साठा करायचा तर हायड्रोक्लोराइड दर मिलिलिटरला ६.८ मिलिग्रॅम लागेल.

आता रिक्तिका. इथे मी स्वतः तोंडघशी पडले आहे, म्हणून जरा लांबण लावते.

जोमाने वाढणाऱ्या यीस्टमध्ये, म्हणजे ओडी (कल्चरचा गढूळपणा, पेशी किती दाट आहेत त्याचं माप) ०.३ ते ०.६ च्या आसपास, रिक्तिका सहसा दोनचार फुग्यांची असते, द्राक्षाच्या घडातली दोनचार मोठी द्राक्षं चिकटून बसावीत तशी. कल्चर साखर संपवून थांबलं की हे फुगे एकमेकांत मिसळतात आणि एकच मोठं कलिंगड होतं. पेशीचा बराचसा भाग तेच व्यापतं, केंद्रक बिचारं कडेला दाबलं जातं. माध्यम पातळ केलं, म्हणजे बाहेरचं मीठ कमी झालं, तरी फुगे एकत्र येतात. उलट मीठ वाढवलं की त्यांचे बारीक तुकडे होतात. म्हणजे एकच मोठी रिक्तिका हे औषधाचं लक्षण असू शकतं, भुकेचं असू शकतं, धुण्याचंही असू शकतं. तुमचं कल्चर रात्रभरचं आहे. औषध घालायच्या आधीच त्यात कलिंगडं असणार.

मी माझ्या पहिल्या प्रोजेक्टमध्ये तीन महिने एका संयुगाचा ‘रिक्तिका फुगवणारा परिणाम’ मोजत बसले होते. मग एक दिवस इन्क्युबेटर बंद पडला, कल्चर हळू वाढलं, आणि परिणाम गायब! कंट्रोलची फ्लास्क मी नेहमी सकाळी आधी बघायची आणि औषधाची जेवण झाल्यावर. त्या तीन तासांत औषधाच्या फ्लास्कमधली साखर संपायची. फुगवत होती भूक, मी नाव ठेवत होते संयुगाला. ती वही अजून माझ्याकडे आहे. नवीन विद्यार्थी आला की मी त्याला ती दाखवते.

अमिओडॅरोनच्या बाबतीत हा सापळा दुहेरी आहे. एक तर या औषधाला यीस्टची जनुकं जो प्रतिसाद देतात तो अन्न तुटल्यासारखाच असतो, हे त्याच गटाने २००७ मध्ये दाखवलं. पेशीभोवती साखर असूनही ती उपाशी असल्यासारखी वागते. दुसरं म्हणजे माध्यमातून ग्लुकोज खरंच काढून टाकलं तर पटलाचा भार उतरतो आणि पेशीला औषधापासून संरक्षण मिळतं. म्हणजे उपाशी कल्चरमध्ये रिक्तिका मोठी दिसणार आणि औषध मात्र कमी चालणार! दोन फ्लास्क वेगवेगळ्या ओडीवर असतील तर तुमचा निष्कर्ष चक्क उलटा निघू शकतो.

मग औषध रिक्तिकेत जातं की नाही? जाण्याला भक्कम कारण आहे. पेशीद्रवाचा पीएच ७ च्या आसपास आणि रिक्तिकेचा ६ च्या आसपास किंवा खाली. भार नसलेलं अमाइन पटलातून आरपार जातं. आम्लात शिरलं की प्रोटॉन घेतं, भारित होतं आणि परत निघणं अवघड होतं. पीएचमध्ये एका अंकाचा फरक म्हणजे समतोलाला आत दहापट साठा. त्यावर आतल्या पटलांना चिकटणारा वाटा वेगळा. पावसाळ्यात फुगलेल्या दारासारखं, आत ढकललं जातं पण बाहेर ओढता येत नाही. यातून निघतं ते असं: प्रोटॉन पंप बंद असेल तर रिक्तिकेत साठा कमी होईल. पण पंप नसलेले म्युटंट औषधाला जास्त बळी पडतात हे वर आलंच. त्याचं कारण असं, की पेशीद्रवात घुसलेलं कॅल्शियम रिक्तिकेत परत कोंबायला याच पंपाने तयार केलेला प्रोटॉनचा उतार लागतो. त्यावर चालणारी कॅल्शियम अदलाबदल ओसुमी आणि अनराकू यांनी १९८३ मध्येच वेगळ्या काढलेल्या रिक्तिकांवर दाखवली होती. होय, पुढे ऑटोफॅजीसाठी (पेशी स्वतःचेच भाग पचवते त्यासाठी) २०१६ चं नोबेल मिळवणारे तेच योशिनोरी ओसुमी. रिक्तिका ही कचराकुंडी आहे असं आपण शाळेत शिकतो. यीस्टपुरती ती तिजोरीही आहे.

आता तुमच्या रंगाकडे. तुम्ही एफएम ४-६४ वापरलाय असं धरते. हा रंग आधी बाहेरच्या पटलात बसतो, मग एंडोसायटोसिसने, म्हणजे पटलाच्या बारीक पिशव्या बनून, आत ओढला जातो आणि तासाभराने रिक्तिकेच्या कडेला पोचतो. तुम्ही औषध आधी आणि रंग नंतर घातलात. वाहतुकीवर ताण असताना रंग वाटेतच अडकला, तर दिसणारे लाल ठिपके हे रिक्तिकेचे तुकडे आहेत की अडकलेल्या पिशव्या, ते सांगता येणार नाही. क्रम उलटा करा: अर्धा तास रंग, रंगाविना तासभर वाढ, मग औषध. आणि सरसकट लाल दिसणाऱ्या पेशी मोजणीतून सरळ काढून टाका, कारण पटल फुटल्यावर रंग आत सगळीकडे पसरतो. त्या मेलेल्या आहेत हे पक्कं करायला मात्र प्रोपिडियम आयोडाइड (फक्त पटल फुटलेल्या पेशींत शिरणारा रंग) याच पेशींना देऊ नका. तोही लाल आहे, दोन लाल एकमेकांत मिसळतील. त्याच फ्लास्कमधला रंग न दिलेला नमुना वेगळा घ्या, त्याला प्रोपिडियम आयोडाइड द्या, आणि त्या मिनिटाला शेकडा किती मेल्या ते लिहून ठेवा. स्ट्रेन डब्ल्यू३०३ असेल तर आणखी एक काळजी. त्यात एडीई२ जनुक बिघडलेलं असतं, ॲडेनिन कमी पडलं की गुलाबी द्रव्य रिक्तिकेत साठतं आणि ते स्वतःच चमकतं. माध्यमात ॲडेनिन जास्त घाला.

मायटोकॉन्ड्रियाबद्दल थोडक्यात. धाग्यांचे दाणे होणं, म्हणजे शेवयांचा साबुदाणा होणं, हे अमिओडॅरोनने खरंच होतं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात वायएसपी१ नावाचं जनुक काढलं की हे तुकडे होत नाहीत आणि पेशीही कमी मरतात, असं दिसलं. म्हणजे तुकडे होणं हा मरणाच्या वाटेवरचा एक टप्पा आहे, नुसती राख नाही. पण तोच साबुदाणा जास्त उजेडानेही होतो. मायटोकॉन्ड्रियाच्या रंगावर लेझर पाचदहा सेकंद ठेवून बघा, निरोगी पेशीतही धागे तुटतील. कव्हरस्लिपखाली पेशींना हवा कमी पडली की थोड्या वेळात तसंच होतं. त्यामुळे प्रत्येक क्षेत्राचा एकच फोटो घ्या, कमी उजेडात, आणि औषधाचा नमुना व कंट्रोल आलटून पालटून बघा. माझ्यासारखं सकाळी एक आणि जेवल्यावर दुसरा असं नको.

मी तुमच्या जागी असते तर सोमवारी काय केलं असतं ते सांगते. ताजं कल्चर ओडी ०.३ वर, रंग आधीच दिलेला, काचेच्या तळाच्या डिशमध्ये कॉनकॅनाव्हॅलिन ए लावून पेशी चिकटवलेल्या. डोस तीन: १, ५ आणि २० मायक्रोमोलर. औषध घालायच्या आधीचा एक फोटो, मग २, ५, १०, २० आणि ४० मिनिटांना, तीच पेशी, तेच क्षेत्र. सोबत दोन जास्तीचे नमुने. एकात माध्यमातलं कॅल्शियम बांधणारं बीएपीटीए, म्हणजे बाहेरचा लोंढा बंद. दुसरा वायव्हीसी१ काढलेला स्ट्रेन, म्हणजे रिक्तिकेतली गळती बंद. स्ट्रेन मिळत असेल तर सीआरझेड१ या प्रथिनाला जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) जोडलेला तिसराही घ्या. पेशीद्रवात कॅल्शियम वाढलं की सीआरझेड१ केंद्रकात जातं आणि तिथे हिरवा टिपका उमटतो. कॅल्शियमचं घड्याळ म्हणून याच्याइतकं स्वस्त काही नाही.

मग एकेका पेशीची पट्टी मांडा. मला काय दिसण्याची अपेक्षा आहे ते सांगून ठेवते, चुकले तर कळवा. ५ मायक्रोमोलरला पहिल्या काही मिनिटांत हिरवा टिपका आलेला असेल, तेव्हा रिक्तिका अजून जशीच्या तशी, दोनचार द्राक्षांची असेल, आणि मायटोकॉन्ड्रिया बऱ्याच अंशी धागेच असतील. आकार बदलेल तो नंतर. असं निघालं तर प्रबंधात लिहायचं वाक्य वेगळं होईल: ‘कॅल्शियमचा समतोल बिघडल्यानंतर रिक्तिका आणि मायटोकॉन्ड्रियाच्या रचनेत बदल दिसले.’ गाइडच्या वाक्यापेक्षा हे लहान दिसतं, पण याच्यामागे तुमचा स्वतःचा पुरावा असेल. वायव्हीसी१ नसलेल्या स्ट्रेनमध्ये आकारबदल उशिरा आला किंवा आलाच नाही, तर आणखी एक पाऊल पुढे जाऊन गळतीचा संबंध लिहिता येईल. आणि रिक्तिका टिपक्याच्या आधीच बदलली तर माझं म्हणणं चूक. तेही छापण्यासारखंच आहे.

‘उद्ध्वस्त’ शब्द गाइडना सोडवत नसेल तर भांडू नका. २० मायक्रोमोलरच्या ४० मिनिटांच्या फोटोखाली तो शब्द आणि ५ मायक्रोमोलरच्या फोटोखाली तुमचं वाक्य, असं शेजारी शेजारी लावा. परीक्षक स्वतःच विचारतील.

आता आजोबा. हृदयात हे औषध मुख्यतः पोटॅशियमच्या मार्गिका अडवून ठोक्यानंतरची विश्रांती लांबवतं. यीस्टला ना ठोके ना त्या मार्गिका, त्यामुळे औषधाचा गुण यीस्टमध्ये दिसतच नाही. दिसते ती या रेणूची तेलकट आणि अमाइनी बाजू, म्हणजे दुष्परिणामांकडे जाणारी वाट. रक्तात औषधाची नेहमीची पातळी लिटरला १ ते २.५ मिलिग्रॅम, म्हणजे साधारण १.५ ते ४ मायक्रोमोलर. आकडा तुमच्या डोसच्या जवळ वाटेल, पण रक्तातलं बहुतेक औषध प्रथिनांना बांधलेलं असतं, तुमच्या फ्लास्कमध्ये तसं नाही. चरबीत, यकृतात, फुप्फुसात मात्र ते साठतं. शरीरातून अर्धं जायला सरासरी ५० दिवसांहून जास्त लागतात. वजनाच्या ३७ टक्के आयोडीन असल्यामुळे थायरॉइडवरही लक्ष ठेवावं लागतं. म्हणून डॉक्टर थायरॉइड, यकृत आणि छातीच्या तपासण्या सांगतात. त्या चुकवू नका, आणि तुमचे फोटो बघून गोळी बंद किंवा कमी तर मुळीच करू नका. बेताल ठोके त्या दुष्परिणामांपेक्षा लवकर जीव घेऊ शकतात.

आपल्या पेशींत रिक्तिकेची जागा लायसोसोम घेतो. तोही आम्लधर्मी, त्याचाही प्रोटॉन पंप त्याच घराण्यातला. अमिओडॅरोन तिथे अडकतं, फॉस्फोलिपिडचं, म्हणजे पटलातल्या स्निग्ध पदार्थाचं, विघटन मंदावतं आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर साचतात. आजोबा बरीच वर्षं गोळी घेत असतील तर पुढच्या वेळी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेताना सोबत जा. स्लिट लॅम्पखाली (डोळा तपासायच्या मायक्रोस्कोपखाली) बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात याच साठ्याचा, तपकिरी-सोनेरी रेषांचा भोवरा दिसण्याची शक्यता बरीच आहे. दीर्घकाळ औषध घेणाऱ्या बहुतेकांना तो होतो, नजरेला सहसा त्रास देत नाही आणि औषध थांबलं की हळूहळू पुसटतो. डॉक्टरांना विचारा, एक मिनिट बघू द्याल का म्हणून. तुमच्या स्लाइडवरच्या रिक्तिकेचा तो माणसातला चुलतभाऊ आहे.